ऊठी गई

रनाळे, जि. नंदुरबार
३ जानेवारी २०२६

भाऊ,

पान एकशे सत्त्याऐंशीवर तू मला मारलंस. आठ ओळींत. मी मोजून पाहिल्या. समुद्राला तू अडीच पानं दिलीस, मोटारसायकलच्या आवाजाला एक अख्खं पान दिलंस, आणि सख्ख्या भावाला आठ ओळी.

पुस्तक येऊन दोन वर्षं झाली, पण गावात मी अजून मेलेलाच आहे. दोन भाऊ मोटारसायकलवर रनाळ्याहून निघतात, सागरी महामार्गानं पार खाली कोकणात उतरतात, आणि एका वळणावर लाकडांची मोळी घेतलेल्या बाईला वाचवायला जाऊन लहाना भाऊ दरीत कोसळतो. बाईला खरचटतसुद्धा नाही. तू नावं बदललीस, पण जानेवारी २०१३ मध्ये आपण दोघं खरंच त्या रस्त्यानं गेलो होतो हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. त्यामुळे मी गॅरेजचं शटर वर केलं की कोणीतरी हाक मारतंच, "चंदन, मरेल माणूस, चहा लेस का?" मरेल म्हणजे मेलेला. मीही हसतो. गिऱ्हाईकाच्या विनोदाला हसावं लागतं.

आई हसत नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून गल्लीतल्या शीलानं तिला त्या आठ ओळी वाचून दाखवल्या. "जित्ता पोऱ्याले मारी टाकं! कशाना लेखक तो?" एवढं बोलून आई उठली आणि तिनं माझ्यावरून मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या दिवसापासून ती तुझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही, पण माझं कारण वेगळं आहे. ते आज लिहीत नाही.

आज एवढंच सांगायचंय की उद्या सकाळी मी निघतोय. गाडी तीच, आप्पांची स्प्लेंडर. (तू तिची बुलेट केलीस, त्याबद्दल आपण वेगळे भांडू.) तुझं पुस्तक बॅगेत घेतलंय. पानापानाशी रस्ता ताडून बघणार आणि तुझ्या चुका तुला कळवणार. पहिली चूक घरबसल्या सापडली आहे. पान अकरावर दोघं भाऊ नंदुरबारकडे निघतात आणि उजव्या हाताला तोरणमाळचं पठार दिसतं. उजव्या हाताला आहे हे बरोबर, पण रनाळ्याच्या रस्त्यावरून तोरणमाळ कोणाच्या बापाला दिसलंय? पुण्यात प्राध्यापकी करून तुला फार लांबचं दिसायला लागलंय.

घरी सांगितलंय की गणपतीपुळ्याचा नवस आहे. आईला पटलं. सीमाला पटलेलं नाही, पण नवऱ्याला नको ते विचारायचं नाही अशी तिची पद्धत आहे. तुझा पत्ता मी पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून घेतला, कारण फोन तू बंद ठेवलायस. आणि हे पुस्तकी मराठीत लिहितोय ते मुद्दाम. आपल्या बोलीत लिहिलं असतं तर तू त्यातले शब्द उचलून पुढच्या कादंबरीत घातले असतेस.

चंदन


चिंचपाडा, ता. नवापूर
४ जानेवारी

भाऊ,

कालच्या पत्रात मी थापा मारल्या. पुस्तकातल्या चुका शोधायला कोणी नऊशे किलोमीटर गाडी हाणत नाही.

मी आत्ता मिशन हॉस्पिटलसमोरच्या टपरीवर बसलोय. परत येताना इथंच माझ्या मनगटाला प्लास्टर घातलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, कसा पडलास? माझ्याआधी तूच उत्तर दिलंस, "घाटात घसरला." तुझ्या कादंबरीत हे हॉस्पिटल नाही. मेलेल्या माणसाला प्लास्टर कशाला लागेल?

आपण दोघांनी जे कधीच बोलून दाखवलं नाही ते आज लिहितो. त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. एकोणीस वर्षांचा होतो, लायसन नव्हतं, आणि तू मागे बसून "हळू, हळू" म्हणत होतास. वळण आलं आणि खाली एकदम सगळा समुद्र उघडा झाला. एवढा मोठा समुद्र एवढ्या वरून मी जन्मात पाहिला नव्हता. मी रस्ता सोडून तो बघत बसलो. पुढचं चाक त्या बाईला लागलं. बाई, तिची सुरूच्या लाकडांची मोळी, गाडी, आपण, सगळेच रस्त्यावर. गाडी आपल्याला घेऊन घसरत वळणाच्या पलीकडे गेली. मी मनगट धरून बसलो होतो, मला ती दिसत नव्हती, कानांत नुसतं घोंगावत होतं. तू मागे धावत गेलास. परत आलास तेव्हा तुझं तोंड पांढरंफटक होतं. "ऊठी गई," म्हणालास. "बठ मांगे." आणि हँडल तू घेतलंस.

ऊठी गई. म्हणजे उठली आणि गेली. मी तसंच समजलो. लागलं नसेल फार, आपल्याला शिव्या घालत घरी गेली असेल. अकरा वर्षं मी ह्या दोन शब्दांवर नीट झोपलो.

मग तुझं पुस्तक आलं. आपण जिथं पडलो त्याच वळणावर पुस्तकात कोणीतरी मरतं. तुला तिथं मरण का लागलं, हा किडा तेव्हाच माझ्या डोक्यात शिरला. तुझ्याशी बोलणं मी त्यासाठी बंद केलं. आईचा राग हे निमित्त होतं.

गेल्या महिन्यात चुडामणभाऊ गॅरेजवर आला. तापीकाठचा गुजर, केळीवाला, तू ओळखतोस. त्याचे वडील वर्षभर खाटेवर पडून होते. "गाडी लवकर दे," म्हणाला, "मन्हा बाप सकायमा ऊठी गया." मला मनापासून आनंद झाला. मी पाना खाली ठेवला आणि म्हणालो, "वा! बरं व्हयनं! आते हळूहळू चालाले बी लागी." चुडामणभाऊ माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "अरे येडा, बाप मरी गया मन्हा." त्यांच्याकडे माणूस गेला की मेला म्हणत नाहीत, उठला म्हणतात. मी त्याचे पाय धरले. त्यानं माफ केलं, वर मलाच धीर दिला. तो गेल्यावर मला हातातला प्लगसुद्धा सरळ बसवता येईना.

तू शहाद्याला कॉलेजात असताना चार वर्षं एका गुजराच्या घरी खोली घेऊन राहिलास. तुला दुसरा अर्थ माहीत होता, भाऊ. मला नव्हता.

त्याच दुपारी मी तुला फोन केला. दोन वर्षांनी. "भाऊ, ती बाई जित्ती शे का?" एवढंच विचारलं. तू म्हणालास, "तथा जाऊ नको, चंदन." तिकडे जाऊ नको, एवढं बोलून फोन ठेवलास. तेव्हापासून तुझा फोन बंद आहे. बाई जिवंत असेल तर तिच्याकडे जाऊ नको असं कोणी सांगेल का?

मला भीती वाटते. सरळ लिहितो. माझी चेतना पाच वर्षांची आहे. तिचा हात धरून मी रस्ता ओलांडतो, आणि हल्ली प्रत्येक वेळी वाटतं की हाच तो हात. मी माणूस मारलाय की नाही एवढं मला कळायला हवं. कळल्यावर काय करायचं ते मला ठाऊक नाही. पोलिसात जाईन बहुतेक. सीमाला काय सांगायचं तेही ठरवलेलं नाही.

चहा संपला. नवापूरला पेट्रोल भरतो आणि गुजरातेत शिरतो.

चंदन


दाभोळ, जेट्टीवरून
७ जानेवारी

भाऊ,

फेरीबोट पलीकडे आहे, म्हणून थोडा वेळ मिळालाय.

तीन दिवस समुद्र माझ्या उजव्या हाताला आहे आणि मी त्याच्याकडे बघितलेलं नाही. खरंच नाही. नजर रस्त्यावर, ओठ घट्ट. कुठं बाई दिसली की मी गाडी पहिल्या गिअरवर आणतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. डोक्यावर काही घेतलेली बाई असेल तर मी उतरून उभाच राहतो. काल एकीला वाटलं मी तिची छेड काढतोय. तिनं चप्पल हातात घेतली होती.

श्रीवर्धनजवळ पोलिसानं हात केला. लायसन, विमा, पीयूसी, सगळं जागच्या जागी. तेरा वर्षांत मी सगळं जागच्या जागी ठेवायला शिकलोय. तो नंबरप्लेटकडे बघून म्हणाला, "एमएच एकोणचाळीस? हे कुठलं?" मी नंदुरबार म्हणालो. "एवढ्या लांबून एकटेच?" वाटलं, कोणीतरी तेव्हा नंबर टिपून ठेवला असेल, ह्या रस्त्यावरच्या प्रत्येक चौकीत तो भिंतीवर लिहिलेला असेल. "नवस आहे," मी म्हणालो. त्यानं कागद परत दिले आणि "सावकाश जा" म्हणाला. पुढं एक मैल मी गाडी हातानं ढकलत नेली. चालवायची हिंमत होईना.

पान एकशे बारा मी आत्ता परत वाचलं. "दोघा भावांनी बोटीवर गरम भजी खाल्ली आणि उगाचच खूप हसले." हे खरं आहे. ह्याच बोटीवर. भज्याचा तुकडा तू माझ्या तोंडात कोंबलास आणि मी ठसकलो. तुझं अख्खं पुस्तक मला आवडत नाही, पण हे एक पान आवडतं. तू माझा भाऊ आहेस हे ह्या पानावर मला आठवतं. म्हणूनच तुझा एवढा राग येतो.

हे पत्र तुला चार दिवसांनी मिळेल. तोवर मी तिथं पोहोचून मोकळा झालेला असेन. तरी वेड्यासारखं वाटतंय की तू आज पुण्याहून निघशील, त्या वळणावर माझ्या आधी येऊन उभा राहशील आणि मला काय ते सांगशील. म्हणजे मला कोणा परक्याला विचारावं लागणार नाही की इथं तेरा वर्षांपूर्वी एक बाई मेली होती का.

बोट आली.

चंदन


देवगड
९ जानेवारी

भाऊ,

ती जिवंत आहे.

हे तीन शब्द तू मला फोनवर सांगू शकला असतास. मी मोजले. तीनच आहेत.

वळणाला आता सिमेंटचा कठडा बांधलाय. मी गाडी लावली आणि विचारायला माणूस शोधू लागलो. कठड्याला टेकून एक म्हातारी बसली होती, शेजारी काठी. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या बघत होती. मी काही विचारायच्या आत तिनंच विचारलं, "खयसून इलास रे?" कुठून आलास. मी म्हणालो, लांबून, नंदुरबारहून.

ती उठली. काठी रोवून, डावा पाय ओढत, पण माझ्यासमोर उठून उभी राहिली. "नंदुरबार? मिरचीचा नंदुरबार? माझो योगेंद्र थयसून येता!"

तुझं नाव त्या बाईच्या तोंडी, तेही "माझा" लावून. तिचं नाव सरलाबाई हे तुला सांगायला नको. हाताला धरून तिनं मला खालच्या घरी नेलं. मिरचीची पिशवी दाखवली. पिशवीचा टाका बघूनच मी ओळखलं, आईनं शिवलेली आहे. दरवर्षी मिरची आली की तू दोन पिशव्या का नेतोस, प्राध्यापकाला एवढं तिखट लागतं कशाला, असं आई मला विचारायची. तुझ्या घरी कधीच न पोहोचलेली ती मिरची कोकणात एका स्वयंपाकघरात आहे.

मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिलो. त्या दिवशी ती उठली नव्हती. उठूच शकत नव्हती, मांडीचं हाड मोडलं होतं. रस्त्यावर पडून ओरडत होती, शिव्या देत होती, आणि तू तिच्यापासून दहा पावलांवरून परत फिरलास. म्हणजे तुझे दोन्ही अर्थ खोटे होते, भाऊ. ती उठून गेली नव्हती आणि मेलीही नव्हती. गावच्या लोकांनी तिला चादरीत घालून नेलं. आठ महिने खाटेवर होती. हे वाचताना तुला काय वाटतं ते मला माहीत नाही. लिहिताना मला माझ्याच हातांचा राग येतोय.

तू दोन वर्षांनी तिथं गेलास, हात जोडलेस, तिच्या मुलाचा मार खाल्लास. हे तू कधी बोलला नाहीस. हे ऐकून माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. मी सुरतच्या कंपनीत मजेत होतो तेव्हा तू इथं माझ्या वाटचा मार खात होतास. पण मग तिनं विचारलं, गाडी चालवणारा तो पोरगा कुठाय? आणि तू म्हणालास, "चंदन? तो गेला."

मी गेलोच होतो, सुरतला. पण तिनं जे ऐकायचं ते ऐकलं. तिचा चेहरा पडला, ती रडायला लागली, आणि तू समोर उभा राहून बघितलंस आणि गप्प बसलास. अकरा वर्षं गप्प बसलास. चालवणाराच मेला म्हटल्यावर तिच्या मुलानं उगारलेला हात खाली घेतला असणार, पोलिसाचं नाव काढलं नसणार. मला वाचवलंस, कळतंय मला. तू अर्धा शब्द टाकतोस आणि उरलेला समोरच्याला भरू देतोस. लोक त्याला साहित्य म्हणतात.

पण तुला जे माहीत नसेल ते ऐक. इकडच्या बायका कोणालाही "मेल्या" म्हणतात. नवऱ्याला, नातवाला, शेजाऱ्याच्या बकऱ्याला. त्याला काही अर्थ नसतो. रस्त्यावर पडल्या पडल्या तिनंही म्हटलं होतं. "मी तेका मेल्या म्हटलंय," ती मला सांगत होती. "एकदा न्हय, धा वेळा. आणि झील खरोच गेलो. माझ्या तोंडान गेलो." झील म्हणजे पोरगा, म्हणजे मी. तू सांगितल्या दिवसापासून तिनं तो शब्द तोंडातून काढलेला नाही. नातवाला हाक मारतानाही जीभ चावते. पितृपक्षात तिच्या घरच्यांच्या पानांबरोबर एक जास्तीचं पान मांडते आणि कावळ्याला हाक मारते, "चंदन, ये रे बाबा, जेव." अकरा वर्षं मी कोकणातल्या कावळ्यांच्या पंगतीला आहे.

तिला वाटतं तिनं मला मारलंय. मी मनात जे घेऊन नऊशे किलोमीटर आलो, तेच ही बाई अकरा वर्षं घेऊन बसली आहे, आणि ते तिच्यावर आपण दोघांनी लादलंय.

शेवटी ती म्हणाली, "आणि तुझा नाव काय रे?"

मी म्हणालो, "पितांबर."

आप्पांचं नाव सांगितलं, भाऊ. हातातलं पाणी अर्धं ठेवलं, उशीर होतोय म्हणालो आणि गाडीला किक मारली. ती दारात येऊन "जेवन जा रे" म्हणत होती. मीही पळालो. अगदी तुझ्यासारखा.

चंदन


त्याच वळणाखालून, सरलाबाईंच्या पडवीतून
१० जानेवारी

भाऊ,

आज सकाळी मी लॉजवर नंदुरबारच्या दिशेनं गाडीचं तोंड करून उभा होतो. तुला वाचवायचं तर मला परत जायला हवं होतं. मी तोंड उघडलं की तिचा लाडका योगेंद्र अकरा वर्षं तिला फसवत होता हे तिला कळणार. त्या घरात तिला तुझ्याइतकं कोणाचंच कौतुक नाही, हे मी काल पाहिलं होतं. सून म्हणाली, तू येणार असलास की ती दोन दिवस आधीपासून रस्त्यावर जाऊन बसते. कालही ती तुझीच वाट बघत होती.

आणि तिच्याकडे गेलो नाही तर? ती सत्तरीला आली आहे. माझ्या मरणाचं ओझं घेऊन ती जाईल, आणि मी रनाळ्यात चहा पीत बसेन. मी गाडी वळवली.

ती अंगणात सुकी मासळी निवडत होती. मी समोर उभा राहिलो आणि पाठ केल्यासारखं बोललो. "मावशी, मी काल खोटं बोललो. पितांबर माझे वडील. ते वारले. मी चंदन. मी मेलो नाही. त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. समुद्र बघत होतो, म्हणून तुम्ही मला दिसला नाहीत. चूक माझी होती."

"खयचो चंदन?"

"तुमच्या कावळ्याचा," असं माझ्या तोंडून निघून गेलं. काय बोलतोय ते मलाच कळत नव्हतं.

तिनं आधी माझ्या पायांकडे बघितलं. पावलं सरळ आहेत ना, उलटी नाहीत ना, याची नीट खात्री करून घेतली. मग मनगट मागितलं. वाकडं बसलेलं हाड बोटानं चाचपलं. काठी उचलली आणि माझ्या खांद्यावर मारली. एक. दोन. तिसरी मारायला गेली आणि हातातून काठीच सुटली. मग तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. हाताला मासळीचा वास होता. ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. मला वाटलं हिला काहीतरी झालं, आता खरंच मी हिला मारतोय.

"मेल्या," ती म्हणाली.

मग मोठ्यानं, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं, "मेल्या, इतकी वर्षां खय होतस?"

आतून सून धावत आली. बाहेर कोण आलंय ते तिला माहीत नव्हतं, पण सासूच्या तोंडून तो शब्द तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकला नव्हता. सरलाबाई थांबेचना. मेल्या बस, मेल्या खा, मेल्या बारीक किती झालास, जसं काही तिनं मला आधी जाड पाहिलं होतं. मी अंगणात बसून ढसाढसा रडलो, भाऊ. बत्तीस वर्षांचा बाप्या, एका मुलीचा बाप. माझ्याकडून माणूस मेला नाही. हे मला कालच कळलं होतं, पण ते माझ्या आत आज पोहोचलं.

जेवताना तिनं माझ्या पानात आणखी भात वाढला. मग तिनं तो प्रश्न विचारला. "आणि तेना? तेना माका कित्याक फसवल्यान?" म्हणजे तू तिला का फसवलंस.

मी तुझी बाजू मांडू लागलो. गेला म्हणजे कसे दोन अर्थ होतात, तू सरळ खोटं बोलला नव्हतास, तुझ्या मनात मला वाचवायचं होतं. तिनं हात वर केला. "तू गप. तेच्या तोंडान आयकतलंय." त्याच्याच तोंडून ऐकेन. मी म्हणालो, फोन लावून बघतो. तर म्हणाली, फोनवर नको, समोर येऊ दे. आणि तो येईपर्यंत तू हलायचं नाहीस.

तेव्हा मी इथं अडकलोय. गाडीची चावी तिच्या कमरेला आहे. आईनं शिवलेली पिशवी तिनं रिकामी केली, धुतली आणि दोरीवर वाळत घातली. कशासाठी ते मी विचारलं नाही, तुला परत द्यायला म्हणेल अशी भीती वाटली. ती तुझ्यावर फार रागावलेली आहे. दुपारभरात दोन वेळा आत जाऊन रडून आली आणि दोन्ही वेळा चुलीचा धूर सांगितला, गॅसवर स्वयंपाक करते तरी. तुला काठी पडणार हे नक्की. मी मध्ये येणार नाही.

घरी फोन करून मी सगळं सांगितलं. सीमा एवढंच म्हणाली की नवस फेडून या. आईनं तिच्या हातून फोन घेतला. मग म्हणाली, "योगेंद्रले सांग, खरं बोल आनि घर ये." तुझं नाव तिनं दोन वर्षांनी घेतलं.

सरलाबाईंची सून सोमवारी सकाळी हे पत्र स्पीड पोस्टानं टाकणार आहे. म्हातारी आत्ता माझ्या शेजारी येऊन बसली. काय लिवतस, म्हणून विचारलं. मी म्हणालो, भावाला पत्र. तिनं कागदाकडे पाहिलं, तिलाही आईसारखंच वाचता येत नाही. थोडा वेळ समोर रस्त्याकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "लिव तेका. मेल्या, ये."

लिहिलं.